पिकअपवर ‘फिरतं घर’ बांधायचंय? आधी आरसी आणि धर्मकाटा, मग पॅनल

मनीषनगर (नागपूर) : मनीषनगर-बेसा पट्ट्यात घरासमोर उभी असलेली पिकअप असो, नाहीतर उमरेड, भिवापूर, कुही तालुक्यात संत्रा-भाजीपाला वाहणारी गाडी असो, आजकाल बऱ्याच मालकांच्या डोक्यात एक विचार घोळतो. मागचा हौदा काढायचा, त्यावर डबा बांधायचा, आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय करायची. मग पंढरपूर, शेगाव, ताडोबा, कोकण, कुठंही जा, लॉजचं भाडं नाही. मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ पाहिले की हे काम सोपं वाटतं. फायबरचे पांढरे पॅनल आणायचे, गमाने चिकटवायचे, झालं घर तयार.

पॅनलचं काम खरंच फार अवघड नाही. पैसे बुडतात ते कामाचा क्रम चुकल्यामुळे. आधी पॅनल आणलं, मग बॉडी बांधली आणि शेवटी आरटीओत गेलं, तर चार-पाच लाखांचा डबा गाडीवर असूनही गाडी रस्त्यावर काढता येत नाही. म्हणून या कामात आधी काय करायचं आणि नंतर काय, ते टप्प्याटप्प्याने समजून घेऊ.

आपल्याकडे असं काही झालंय का?

झालंय. जानेवारी २०२२ मध्ये महिंद्रा कंपनीने आयआयटी मद्रासमध्ये इन्क्युबेट झालेल्या ‘कॅम्परव्हॅन फॅक्टरी’ या कंपनीशी करार केला. बोलेरो कॅम्पर गोल्ड या पिकअपवर चार जणांची झोपायची सोय, बायो-टॉयलेट आणि पाण्याची टाकी असलेली गाडी बनवायची, असं ठरलं. म्हणजे आपल्या गावात रोज दिसणाऱ्या गाडीच्या जातीवरच हे काम होऊ शकतं. पण त्या कराराच्या बातमीत एक गोष्ट ठळक होती, ती म्हणजे डिझाइन प्रमाणित असणार. गॅरेजमध्ये बांधलेल्या डब्यात आणि त्या गाडीत खरा फरक इथंच पडतो.

महाराष्ट्र सरकारनेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं. गाडी आणि ती उभी करायची जागा, म्हणजे कॅरॅव्हॅन पार्क, या दोन्हींचा त्यात विचार आहे. ज्यांची शेती जंगलाजवळ किंवा पर्यटनाच्या रस्त्यावर आहे, त्यांच्यासाठी गाडी बांधण्यापेक्षा पाणी, वीज, संडास असलेली जागा देणं हा कमी खर्चाचा धंदा ठरू शकतो. माहिती पर्यटन संचालनालयाच्या नागपूर कार्यालयात विचारावी.

पहिलं काम : आरसी काढून वाचा

पिकअपच्या आरसीवर गाडीचा प्रकार ‘गुड्स कॅरियर’ असा लिहिलेला असतो. म्हणजे मालवाहू गाडी. मागे डबा बांधून त्यात गादी टाकली म्हणून ती कॅम्पर होत नाही. कागदावर ती मालवाहूच राहते.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे.

दंड तर भरता येतो. खरी भीती अपघाताची आहे. मालवाहू गाडीत मागे फुकट बसलेल्या प्रवाशांची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच सांगितलंय. समजा घरचे, शेजारचे सहा जण मागच्या डब्यात बसून देवदर्शनाला निघाले आणि गाडी उलटली. कोर्टाने ठरवलेली भरपाई मालकाच्या अंगावर येऊ शकते. मग शेत विकायची वेळ येते. डबा कितीही मजबूत असला तरी कागद कच्चा असेल तर हा धोका राहतोच.

मग सरळ रस्ता कोणता? तीन आहेत.

१. तयार, प्रमाणित कॅम्पर घ्यायची. महाग पडते, पण कागद स्वच्छ असतो.

२. नवी गाडी ‘कॅब-चेसिस’ स्वरूपात घ्यायची, म्हणजे पुढे केबिन आणि मागे नुसता सांगाडा. त्यावर मान्यताप्राप्त बॉडीबिल्डरकडून बॉडी बांधून घ्यायची. अशा वेळी फॉर्म २२-अ लागतो. त्याचा एक भाग चेसिस बनवणारी कंपनी देते, दुसरा भाग बॉडीबिल्डर. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ आणि मालवाहू बॉडीसाठी एआयएस-०९३ हे नियम आहेत. तपासणीचं काम पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था करतात.

३. जुन्याच गाडीत बदल करायचा. हा रस्ता सगळ्यात अवघड. काम सुरू करण्याआधी आरटीओत लेखी अर्ज करून विचारायचं आणि उत्तरही लेखीच घ्यायचं. ‘साहेब ओळखीचे आहेत’ यावर लाखो रुपये लावू नयेत.

नागपूर ग्रामीणच्या गाड्या एमएच-४० मध्ये येतात, त्यामुळे त्या मालकांनी ग्रामीण आरटीओतच चौकशी करावी. आरसीवरचा गाडीचा प्रकार, आसनसंख्या आणि वजन एम-परिवहन अॅपवर मोबाईलमध्येच दिसतं.

काही जण म्हणतात, ‘डबा सुटा ठेवू, बोल्ट काढला की खाली उतरतो, मग बदल कुठला?’ यावर विसंबून राहू नये. डबा सुटा असला तरी चालत्या गाडीत आत माणूस बसला की वरचा विम्याचा प्रश्न तसाच उभा राहतो. आरसीवर जितक्या सीट आहेत तितकीच माणसं गाडीत बसतील. डबा झोपायला, आणि तोही गाडी उभी असताना.

दुसरं काम : धर्मकाट्यावर गाडी नेणं

आरसीवर दोन वजनं असतात. एक रिकाम्या गाडीचं, दुसरं भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त. दोन्हींतला फरक म्हणजे आपल्या हातात असलेलं वजन. डबा, खाट, पाणी, सिलिंडर, माणसं, कपडे सगळं त्यातच बसवायचं.

एक हिशेब करून पाहू. समजा गाडीची क्षमता १,३०० किलो आहे आणि डबा ९ फूट लांब, साडेपाच फूट रुंद, ६ फूट उंच बांधायचाय. चार भिंती, छत आणि तळ मिळून साधारण २७३ चौरस फूट, म्हणजे २५ चौरस मीटर पृष्ठभाग होतो.

लोखंडी पाइपचा सांगाडा, बाहेरून १.२ मिमी पत्रा, मध्ये थर्माकोल, आतून प्लायवूड अशी नेहमीची बॉडी घेतली तर एका चौरस मीटरला साधारण २० किलो वजन धरावं लागतं. नुसता पत्राच साडेनऊ किलोच्या आसपास भरतो. म्हणजे डबा ५०० किलोचा. तोच डबा फायबरच्या कॉम्पोझिट पॅनलचा केला तर चौरस मीटरला ८ किलोच्या आसपास, म्हणजे २०० किलो.

बाकीचं वजन दोन्हीकडे सारखंच :

– खालचा आधार-सांगाडा, कड्या, बोल्ट : १२० किलो
– खाट, कपाट, ओटा : १५० किलो
– १०० लिटर पाणी : १०० किलो
– बॅटरी, इन्व्हर्टर, सोलर : ८० किलो
– फ्रीज, शेगडी, सिलिंडर : ६० किलो
– चार माणसं : २६० किलो
– कपडे, भांडी, शिधा : १०० किलो

हे झाले ८७० किलो. पॅनलचा डबा धरून बेरीज १,०७० वर जाते, २३० किलो हाताशी उरतात. पत्र्याचा डबा धरला तर १,३७०, म्हणजे निघण्याआधीच ७० किलो जास्त. कॉम्पोझिट पॅनलवर लोक जास्त पैसे का घालतात, याचं उत्तर या बेरजेत आहे. दिसायला चकाचक हा मुद्दा नंतरचा.

हे आकडे अंदाजाचे आहेत. आपल्या गाडीचा आकडा काट्यावरच कळतो. मूळ हौदा उतरवला तर तेवढं वजन कमी होतं, तेही काट्यावरच दिसेल. पुढची चाकं आणि मागची चाकं वेगवेगळी काट्यावर घेऊन दोन्ही पावत्या जपून ठेवाव्यात. काम अर्धं झाल्यावर पुन्हा एकदा काटा करावा. बेरीज बरोबर असूनही सगळं वजन मागच्या चाकामागे गेलं तर पुढचं चाक हलकं होतं आणि स्टेअरिंग पकड सोडतं. म्हणून पाण्याची टाकी आणि बॅटरी खाली, मागच्या एक्सलच्या पुढे बसवावी. मागच्या चाकापासून बाहेर निघणारा भाग व्हीलबेसच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, असा नियमही आहे.

उंचीही विसरू नये. उंच डब्याला बाजूच्या वाऱ्याचा धक्का बसतो. नागपूरहून निघणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर मोकळ्या माळरानात तो चांगलाच जाणवतो. शिवाय रेल्वेच्या पुलाखालून जाताना उंचीची पाटी पाहावी लागते, मनीषनगरच्या लोकांना हे सांगायची गरज नाही. तयार डब्याची उंची फुटात आणि मीटरमध्ये लिहून ड्रायव्हरसमोर चिकटवून ठेवली की काम भागतं.

तिसरं काम : पॅनल ओळखणं

कॉम्पोझिट पॅनल म्हणजे सँडविच. दोन बाजूंना फायबरची दीड-दोन मिमीची कातडी, मध्ये ४० मिमीचा हलका फोम. दूध, आइस्क्रीम, औषधं नेणाऱ्या बंद गाड्यांत आणि कोल्ड स्टोरेजमध्ये असंच पॅनल असतं. बाहेरचा ताण दोन कातड्या घेतात आणि मधला फोम त्यांना एकमेकींपासून लांब धरून ठेवतो. त्यामुळे हलकं असूनही पॅनल वाकत नाही. पण कातडी फोमपासून सुटली की ताकद संपली. घेताना पॅनलवर नाण्याने ठोकून पाहावं. एखाद्या जागी पोकळ आवाज आला तर ते पॅनल परत.

विदर्भात पॅनलचा खरा फायदा उन्हाळ्यात कळतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा उन्हात उभा लोखंडी डबा भट्टी होतो. ४० मिमी पीयूएफचं पॅनल साध्या पत्र्याच्या तुलनेत साधारण दहावा हिस्साच उष्णता आत येऊ देतं. मात्र दोन अटी आहेत. बाहेरचा रंग पांढरा हवा. आणि भिंतीत आतून बाहेर जाणारा लोखंडी पाइप किंवा अँगल नको, कारण फोम कितीही चांगला असला तरी उष्णता त्या लोखंडातून वाट काढते.

जिथं कपाट, शिडी, सोलर किंवा बिजागरी बसणार आहे, तिथं पॅनल बनवतानाच आत फायबरची किंवा अॅल्युमिनियमची पट्टी टाकून घ्यावी. नुसत्या फोममध्ये स्क्रू धरत नाही. म्हणून नकाशा आधी, पॅनलची ऑर्डर नंतर.

चौथं काम : चेसिसला पिळायला जागा देणं

पिकअपचा चेसिस शिडीसारखा असतो. पांदण रस्त्यावर एक चाक खड्ड्यात आणि दुसरं उंचवट्यावर गेलं की तो थोडा पिळतो. तो तसाच बनवलेला आहे. पॅनलचा डबा मात्र पिळत नाही. डब्याचे चारही कोपरे चेसिसला गच्च आवळले तर काही महिन्यांत कोपऱ्याचे जोड उकलतात, दार अडकायला लागतं आणि मग पाणी शिरतं.

उपाय असा की डबा थेट चेसिसवर न ठेवता मध्ये एक आधार-सांगाडा घ्यायचा. मागच्या बाजूला तो पक्का धरायचा आणि केबिनच्या बाजूला स्प्रिंगवर किंवा रबरी बुशवर ठेवायचा, म्हणजे चेसिस पिळला तरी डबा सरळ राहतो. चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू नये, मनाने वेल्डिंग करू नये. कंपनीची बॉडी बसवण्याची पुस्तिका असते. ती डीलरकडून मागून घ्यावी आणि फॅब्रिकेटरच्या हातात द्यावी.

लोखंडाचं सगळं वेल्डिंग पॅनल यायच्या आधी उरकावं. फोम पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो. पॅनल बसल्यावर गाडीवर वेल्डिंगची ठिणगी नको.

पाचवं काम : जोड आणि गम

पॅनलला पॅनल जोडताना स्क्रूवर भर देऊ नये. प्रत्येक स्क्रू म्हणजे पाणी शिरायला एक वाट. जोडाला आतून-बाहेरून फायबरचा किंवा अॅल्युमिनियमचा अँगल आणि मध्ये पॉलियुरेथेनचा गम, ही पद्धत टिकते. गाडीची पुढची काच याच जातीच्या गमाने चिकटवलेली असते. गमाचा थर दोन-तीन मिमी ठेवावा. दाबून सगळा बाहेर काढला तर जोड कडक होतो आणि तडकतो.

चिकटवण्याआधी दोन्ही बाजू घासणं, पुसणं आणि गमाच्या कंपनीने सांगितलेला प्रायमर लावणं आलंच. इथं घाई करणाऱ्याचा जोड पहिल्या पावसात उघडतो.

आपल्याकडची एक गोष्ट गॅरेजवाल्यांनाही लवकर लक्षात येत नाही. हा गम हवेतल्या ओलाव्याने सुकतो. नेहमीच्या हवेत तो दिवसाला साधारण तीन मिमी आतपर्यंत घट्ट होतो. एप्रिल-मे मध्ये विदर्भात हवा कोरडी ठाक असते, तेव्हा वरून सुकलेला दिसतो पण आतून ओलाच राहतो. अशा दिवसांत काम सकाळी करावं आणि जोडाला दोन-चार दिवस जास्त द्यावेत, तोवर गाडी हलवू नये. पावसाळ्यात ओलावा भरपूर, पण तेव्हा पॅनलच ओलं नको. दिवाळीनंतरचे दिवस या कामाला सगळ्यात बरे.

खिडकी कापल्यावर उघडा पडलेला फोम तसाच ठेवू नये. कडेला फायबरची पट्टी चिकटवून बंद करावा. कच्चं प्लायवूड वापरलं तर ते ओल धरतं, फुगतं आणि दोन पावसाळ्यांत कुजतं.

सहावं काम : रात्री झोपणाऱ्यांचा जीव

पॅनलचा डबा जवळजवळ हवाबंद असतो. हाच त्याचा गुण आणि हाच धोका. थंडीत आत कोळशाची शेगडी पेटवून दार लावून झोपलं तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच जातो. आत शेगडी नको, जवळ जनरेटर नको. खाली एक आणि छतात एक अशा हवेच्या दोन जाळ्या कायम उघड्या हव्यात. त्यामुळे पहाटे भिंतीवर दव साचणंही कमी होतं.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाला साचतो. सिलिंडरसाठी वेगळा कप्पा करावा. त्याचं दार बाहेरून उघडणारं असावं आणि तळाला बाहेर जाणारी जाळी असावी. शक्य असेल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर वापरावा.

विजेच्या प्रत्येक वायरला बॅटरीजवळच फ्यूज हवा. वायर पॅनलमधून जाते तिथं रबरी ग्रोमेट हवा. दाराशिवाय माणूस बाहेर पडेल एवढी मोठी एक खिडकी हवी. ती आतून, चावीशिवाय उघडली पाहिजे. दाराजवळ अग्निशामक टाकी ठेवावी.

बॉडीवाल्याला विचारायचे प्रश्न

वाडी, हिंगणा, बुटीबोरी, कापसी, कुठंही काम द्या, आगाऊ रक्कम देण्याआधी हे विचारा :

– फॉर्म २२-अ चा बॉडीबिल्डरचा भाग तुम्ही देता का? आधी दिलेल्या फॉर्मची झेरॉक्स दाखवा.
– ही बॉडी कोणत्या प्रमाणपत्राखाली येते आणि आरसीवर गाडीचा प्रकार काय लिहिला जाईल?
– पॅनलची कातडी किती मिमी, फोम कोणता, चौरस मीटरला वजन किती?
– तयार डब्याचं वजन कोटेशनवर लिहून देणार का?
– चेसिसवर डबा कसा धरणार? भोक किंवा वेल्डिंग करणार का?
– गम कोणता, प्रायमर कोणता, जोड किती दिवस सुकू देणार?

पहिल्या दोन प्रश्नांवर ‘ते नंतर पाहू’ असं उत्तर आलं तर पुढचे चार विचारायची गरज नाही. दुसरा बॉडीवाला शोधावा.

काम पूर्ण झालं, आरसीवर नोंद झाली, की विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीवर बदलाची नोंद करून घ्यावी. तिची प्रत, काट्याची शेवटची पावती आणि आरसी एकाच पाकिटात गाडीत ठेवावी. पहिला प्रवास लांबचा नको. भरल्या टाकीने, घरच्या माणसांसह पन्नासेक किलोमीटर जाऊन यावं, रात्री एक मुक्काम करावा आणि सकाळी खाली वाकून बोल्ट, पाटे, टायर आणि जोड पाहावेत. काही सैल झालं असेल तर ते घराजवळच कळलेलं बरं.